नंदूला जपानी येत नव्हतं

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिन्नरला, कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होतो. फोन शिरीषचा होता, आमच्या जुन्या कॉलनीतल्या मित्राचा. "नंदू गेला रे सकाळी," तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि ताटातली उरलेली भाजी-पोळी संपवली. वर ताकही घेतलं. हे असं लिहू नये हे मला कळतं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं, आणि नंदूवर काहीतरी लिही म्हणून माझ्या मागे लागलेल्या मंडळींना माझ्याकडून तेच दूध हवं आहे. पण नंदू गोड माणूस नव्हता. तो दुष्ट होता. आमच्यापैकी कुणी हे त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण त्याच्याकडे व्हिडिओ गेम होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही सातपूरला कंपनीतल्या कामगारांच्या कॉलनीत राहायचो. नंदूच्या वडिलांना, अण्णांना, कंपनीने ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं होतं. कॉलनीतून विमानात बसलेला तो पहिला माणूस. अण्णा परत आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, टेपरेकॉर्डर तरी आणतील. त्यांनी आणला तिकडच्या कुठल्यातरी जुन्या बाजारातून घेतलेला, कुणीतरी वापरून टाकलेला व्हिडिओ गेम आणि त्याच्या दोन-तीन कॅसेट. तिकडची वीज आपल्या निम्मीसुद्धा नसते, म्हणून अण्णांनी आधी एका मोटार वाइंडिंगवाल्याकडून खास ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला. तो विटेएवढा होता, तापायचा आणि गुणगुणायचा. आपल्या टीव्हीला तिकडचा रंग काही झेपत नसे, त्यामुळे रंगीत टीव्हीवरही सगळं काळंपांढरं दिसायचं. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आम्हाला वाटलं, जपान तसंच असेल.

एका कॅसेटमध्ये गाड्यांची शर्यत होती, ती लवकरच कंटाळवाणी झाली. दुसरीत मात्र एक गोष्ट होती. तलवार घेतलेला एक बुटका पोरगा गावाच्या वेशीपाशी उभा असायचा आणि वेस अडवून एक दाढीवाला म्हातारा. म्हाताऱ्याजवळ जाऊन बटण दाबलं की खाली चौकट उघडायची आणि तिच्यात अक्षरं टपटप उमटत जायची, ओळींमागून ओळी. आम्हाला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. तरी आम्ही खेळायचो. दुकानातली औषधाची बाटली कुठली हे आम्ही अक्षराच्या आकारावरून पाठ केलं होतं. खिडकीसारखं अक्षर दिसलं की औषध, शेपटीवालं दिसलं की विष. हे कळण्यासाठी तो बुटका पोरगा आमच्या हातून किती वेळा विष पिऊन मेला, याचा हिशेब नाही. त्यात एक भानगड अशी की मशीन बंद केलं की सगळं पुसलं जायचं. कॅसेटच्या आत खेळ लक्षात ठेवणारा एक सेल असतो आणि आमच्या कॅसेटचा सेल जपानमध्येच मेला होता, हे आम्हाला मोठेपणी समजलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की रोज शाळेतून आल्यावर पुन्हा वेशीपाशी, पुन्हा तो म्हातारा आणि पुन्हा त्याचं ते लांबलचक बोलणं.

आणि ते बोलणं नंदू आम्हाला वाचून दाखवायचा. आपल्याला जपानी येतं, असं त्याने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं. अण्णांनी शिकवलं म्हणे. अण्णांना स्वतःला तिकडचा नमस्कार आणि चहा मागणं यापलीकडे काही येत नव्हतं, पण हे त्यांना विचारायची कुणाची छाती? म्हाताऱ्यापाशी आलं की रिमोट नंदूच हातात घ्यायचा, मान थोडी तिरकी करायचा, अक्षरं उमटू द्यायचा आणि मग घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "आजोबा म्हणतात..." सुरुवातीला आजोबा गोष्टीतलंच बोलायचे, जंगलात राक्षस आहे, डावीकडून जा वगैरे. मग ते आमच्याबद्दल बोलायला लागले. "आजोबा म्हणतात, शिरीषच्या ताईचं लग्न मोडलंय." शिरीष उठून घरी गेला, आणि त्याच आठवड्यात मुलाकडच्यांचा निरोप आल्याचं सगळ्या कॉलनीला कळलं. खरंच मोडलं होतं.

हे नंदूला कुठून कळायचं ते गुपित नव्हतं. त्याच्या आईकडे, शकूमावशींकडे, दर महिन्याला कॉलनीतल्या बायकांची भिशी असायची. चिठ्ठी उघडून होईपर्यंत पोहे व्हायचे, चहा व्हायचा आणि मग जिला तिला आपापलं दुःख आठवायचं. शकूमावशी फार मायाळू, कुणीही त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावं. नंदू आतल्या खोलीत गृहपाठाचं पुस्तक उघडून बसलेला असायचा. बायकांना वाटायचं, लहान आहे. म्हणजे आमच्या आयांनी रडत सांगितलेलं आम्हाला जपानी म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळायचं. आम्हाला हे कळत होतं का? अर्धवट. पेपरातलं भविष्य कुणी खरं मानत नाही, पण आपली रास आधी वाचतो, तसं होतं ते. रोज आम्ही जायचो. आज माझ्याबद्दल काही म्हणतील या भीतीने जायचो, आणि काही म्हणाले नाहीत तर चिडून परत यायचो.

माझे वडील तेव्हा अंकलेश्वरला साइटवर होते. म्हणजे आई तसं सांगायची, आणि मीही सगळ्यांना तसंच सांगायचो. आधी ते सणावाराला यायचे, मग फक्त दिवाळीला, मग दिवाळीलाही साइटवर काम निघायला लागलं. आई त्यांच्या नावाने वर्गणी द्यायची, गणपतीच्या पावतीवर त्यांचं नाव घालायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. श्रावणातल्या एका संध्याकाळी नंदूच्या घरी आम्ही पाच-सहा जण जमलो होतो. मी चेष्टेनेच म्हणालो, "नंद्या, आजोबांना विचार ना, माझे बाबा कधी येणार." नंदूने माझ्याकडे पाहिलं. मग टीव्हीकडे पाहिलं. अक्षरं पूर्ण उमटून गेली. मग त्याच त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आजोबा म्हणतात, तुझे बाबा लांब नाहीत. जिथे घाट चढून आलेल्या गाडीचं इंजिन बदलतात, तिथे त्यांचं घर आहे." कुणीतरी हसलं. नंदूही हसला.

गाडीचं इंजिन कुठे बदलतात हे नाशिकच्या पोराला सांगावं लागत नाही. दोन दिवसांनी मी शाळेच्या दप्तरासकट नाशिकरोडला गेलो आणि इगतपुरीची गाडी पकडली. तिथला पाऊस ज्याने पाहिलाय त्यालाच माहीत. तो पडत नाही, तो तिथेच राहतो. स्टेशनबाहेर मी बाबांचं नाव विचारत फिरलो. एका चहावाल्याला ते माहीत होते. "मिस्तरी? हाय ना. पिठाच्या गिरणीमागं ऱ्हातो. तू कोन त्याचा?" मी म्हणालो, मुलगा. त्याने मला आपादमस्तक पाहिलं. "पोरगा? त्याला तर पोरगीच हाय." तो खोटं बोलत नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं.

गिरणीमागच्या घराचं दार एका बाईने उघडलं. आत वळून म्हणाली, "अहो, कोण आलंय बघा." बाबा बनियनवर बाहेर आले. त्यांचं बोट धरून एक छोटी मुलगी होती, नुकती चालायला लागलेली. बाबांनी मला पाहिलं. मग ते त्या बाईला म्हणाले, "हा आमच्या जुन्या कंपनीतल्या दोस्ताचा पोरगा." एवढं सराईतपणे म्हणाले, की क्षणभर मलाही वाटलं, असेन. बाईंनी डोकं पुसायला टॉवेल दिला, चहा दिला, खारी दिली. चांगली बाई होती. तिचा राग करायलाही मला काही सापडलं नाही. बाबांनी विचारलं, "वडील बरे आहेत का?" मी म्हणालो, बरे आहेत. निघताना मी बाईंच्या पाया पडलो आणि बाबांना म्हणालो, "येतो, काका." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी सुटका दिसली, तेवढा आनंद मी वर्गात पहिला आलो तेव्हाही त्यांना झालेला नव्हता. ते मला स्टेशनवर सोडायला आले; एका छत्रीत उभे असताना फक्त इतकंच बोलले, "आईला काही सांगू नको." गाडी सुटायच्या आधीच ते वळून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी मी नंदूकडे गेलो. मशीन चालू होतं, पोरं बसली होती. मी विचारलं, "तुला कसं माहीत?" तो म्हणाला, "मला काय माहीत? आजोबा म्हणाले." आणि हसला. मी त्याला मारलं. पुढचा एक दात अर्धा तुटला त्याचा, तो त्याने शेवटपर्यंत बसवला नाही. शकूमावशी धावत आल्या, त्यांनी मला आवरलं, आणि का मारलंस हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं; आईने ते एकट्या त्यांनाच रडून सांगितलं असणार. आतल्या खोलीत कोण ऐकतं, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं असावं.

आजोबांचं ते वाक्य सगळ्या पोरांनी ऐकलं होतं, ते घरोघर पोचायला एक दिवस लागला. आईने भिशी सोडली. भांडली नाही, कुणाला बोलली नाही. फक्त पुढच्या भिशीला गेली नाही, आणि त्या दिवशी दुपारपासून दार लावून घेतलं. शकूमावशींकडून बायकांच्या हसण्याचा आवाज यायचा आणि आई धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायची. कॉलनीतल्या बायका तिच्याशी जास्तच गोड बोलायला लागल्या, ते तिला त्याहून सहन झालं नाही. नवऱ्याशिवाय तिने इतकी वर्षं काढली होती. पण नवरा आहे असं म्हणण्याचा जो आधार होता, तो नंदूने एका वाक्यात काढून घेतला. आईला दुसरी मैत्रीण मिळाली नाही. तिने शोधलीही नाही.

मला त्यानंतर आयुष्यभर एकच गोष्ट हवी होती. त्याने ते मजा म्हणून सांगितलं, की मला कळावं म्हणून सांगितलं, एवढंच. मजा म्हणून असेल तर त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे त्याच्याशी बोलावं लागणार होतं, आणि ते मला जमत नव्हतं. नंदूने पुढे सिडकोत मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानाच्या मागच्या भागात त्याने जुने जपानी गेम जमवले होते म्हणे. मुंबईच्या कुठल्या भंगारवाल्याकडून पेटीच्या पेटी आणायचा, दुरुस्त करायचा आणि विकायच्या वेळी विकायचा नाही. दोन हजार सालानंतर पोरं सायबर कॅफेत गोळीबाराचे खेळ खेळायला लागली, तरी हा आपला खिडकीसारखं अक्षर आणि शेपटीवालं अक्षर घेऊन बसलेला. जपानी शेवटपर्यंत शिकला नाही. शिरीषने एकदा त्याला विचारलं, अरे, नाशिकमध्ये आता क्लास निघालेत, शिकत का नाहीस? तर म्हणाला, "मग आजोबांचंच ऐकावं लागेल ना." सटाण्याला एका लग्नात तो मला पंगतीत समोर बसलेला दिसला. तोंडात अर्धा दात, हातात जिलबी. "मिल्या," तो म्हणाला, "आजोबा तुझी आठवण काढतात." मी ताट तसंच ठेवून उठलो. यजमानांना वाटलं, जिलबी कच्ची राहिली.

मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मग तीनदा. त्याची बायको वैशाली हिचा मला फोन आला. "भावजी, एकदा येऊन जा. ते विचारतात तुमचं." मी कंपनीत ऑडिट असल्याचं सांगितलं. ऑडिट खरंच होतं. ते संपल्यावरही मी गेलो नाही, कारण मरणाऱ्या माणसाने माफी मागितली की ती द्यावीच लागते, नाही म्हणायची सोय नसते. ही जबरदस्ती मला नको होती. तो वाट पाहत मेला असेल तर मेला... असं मी तेव्हा म्हणालो, आणि आज लिहितानाही ते खोडावंसं वाटत नाही.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी मात्र गेलो. आईने धाडलं. "शकूला भेटून ये," म्हणाली, "तिचं पोर गेलंय." शकूमावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी माझा हात धरला आणि सोडला. वैशाली पाणी घेऊन आली. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "त्यांना दुखण्याचं बोलताच यायचं नाही, भावजी. डॉक्टर काय म्हणाले विचारलं की विनोद करायचे. इतका राग यायचा मला. आता मरणाच्या गोष्टीत कसला विनोद?" आतल्या खोलीतून ओळखीचं संगीत ऐकू येत होतं, म्हणून मी उठून आत गेलो.

नंदूची मुलगी मुक्ता, सात-आठ वर्षांची, जमिनीवर मांडी घालून खेळत होती. आताच्या नव्या टीव्हीवर रंग दिसत होते. म्हाताऱ्याचा झगा हिरवागार होता; इतकी वर्षं मी तो पांढरा समजत होतो. मी तिच्या शेजारी बसलो. तिने मला ओळखलं. "तुम्ही मिलिंदकाका ना? बाबांचा दात तुम्ही पाडला." मी हो म्हणालो. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. थोडा वेळ खेळून ती म्हणाली, "बाबा नसणार हे मला आजोबांनी सांगितलं होतं."

"कोणत्या आजोबांनी?"

तिने टीव्हीकडे बोट दाखवलं. "बाबा शेवटचे दवाखान्यात गेले ना, त्याच्या आधी. आजोबा म्हणाले, तुझ्या बाबांचं रक्त मशीन धुतं, पण आता मशीनचा उपयोग होत नाहीये. आता बाबा घरी येणार नाहीत. आई रडेल तेव्हा तिच्याजवळ बसायचं, आजीजवळ नाही, आजीजवळ खूप बायका असतील."

"मग तू बाबांना विचारलं नाहीस, हे खरं का म्हणून?"

"विचारलं. बाबा म्हणाले, मला काय माहीत, आजोबा म्हणाले. आणि हसले. मग बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले. बादली भरून वाहून गेली तरी बाहेरच येईनात."

मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मला भयंकर संताप आला. एवढ्याशा पोरीला असं कुणी सांगतं? स्वतःच्या तोंडाने, मांडीवर घेऊन सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्या मुलखातल्या कुठल्या चित्रातल्या म्हाताऱ्याला पुढे करायचं? मला सांगतानाही त्याने हेच केलं होतं. गंमत नव्हती ती. त्याला माझी कीव आली होती, आणि कीव आल्यावर काय करायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो हसला होता. इतकी वर्षं मी एका टवाळ पोराचा द्वेष केला, तो सोपा होता. आता एका भित्र्या माणसाचा द्वेष करायचा, हे मला जड जाणार होतं. तो जिवंत असता तर मी त्याचा दुसराही दात पाडला असता आणि त्याला मिठी मारली असती. कोणतं आधी केलं असतं, सांगता येत नाही.

मुक्ताने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा वेस, पुन्हा म्हातारा. तिने बुटक्या पोराला त्याच्यापुढे नेऊन उभं केलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. "आता तुम्ही बोला." मी बटण दाबलं. अक्षरं उमटत गेली. मला काही बनवून सांगता येत नव्हतं, ती कला माझ्याकडे नव्हती. मग तीच मान तिरकी करून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आजोबा म्हणतात, बाबा तुमची खूप वाट बघत होते." शेवटची ओळ आली आणि तिच्याखाली दोन छोटे शब्द, शेजारी बाण. "आजोबा विचारतायत, तुम्हाला बाबांचा अजून राग आहे का? वरचं हो, खालचं नाही."

बाहेर शकूमावशी होत्या, वैशाली होती, आणि समोर बाप गेलेली पोर. मी बाण खाली नेला आणि दाबलं.

म्हाताऱ्याने तीच ओळ पुन्हा म्हटली. तेच दोन शब्द पुन्हा आले. मी पुन्हा खालचं दाबलं, पुन्हा तेच.

"तो नाही घेतच नाही, काका," मुक्ता तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "कितीही वेळा दाबा. बाबांनी पण खूप बघितलं होतं करून."

मी बाण वर नेला. हो म्हणालो. म्हातारा काठी टेकत वेशीतून बाजूला झाला. मुक्ताने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि ती पुढे गेली.